साडेबारा टक्क्यांचं गणित

श्रोतेहो, नमस्कार.

‘गणिताच्या तासाला समाज कशाला? पोरांना आधी भागाकार येऊ दे,’ असं पालकसभेत हमखास कुणीतरी म्हणतं. ती काळजी खरी आहे. पण समाज गणितात आधीपासूनच आहे. सावकाराचं व्याज, दुधात पाणी घालणारा गवळी, अमुक पुरुष आणि तमुक बायका मिळून बांधतात ती भिंत, ही उदाहरणं सोडवतच आपण मोठे झालो. बाईचं दिवसाचं काम पुरुषापेक्षा कमी धरायचं, हे कुणी वेगळं शिकवलं नाही; ते उदाहरणातच घातलेलं असायचं.

मी नवी मुंबईत गणित शिकवते. शेकडेवारी आली की फळ्यावर एक एकर जमीन मांडते. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि इथल्या गावांची शेतं, मिठागरं शहरासाठी गेली. १९८४च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जणांचे जीव गेले. पुढे साडेबारा टक्के योजना आली: जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

आता हिशेब. एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, ५ गुंठे. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा, म्हणजे दीड गुंठा. हातात उरले साडेतीन. मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के.

माझ्या वर्गात गावठाणातली पोरं आहेत, सेक्टरमधल्या सोसायट्यांतलीही. एकानं विचारलं, “बाई, दीड गुंठा गेला कुठे?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “आमच्या समोरच्या बागेत असेल.” टक्क्याचा टक्का काढताना नेहमी अडणारी मुलंसुद्धा त्या दिवशी वही घेऊन टेबलाशी आली.

न्याय झाला की अन्याय, हा निकाल मी फळ्यावर लिहीत नाही. तो लिहिला, तर पालकांची तक्रार रास्त ठरेल. मी पुढचं उदाहरण घालते: रोख मोबदला बाजूला ठेवला, तर गुंठ्याचा भाव किती पट वाढल्यावर साडेतीन गुंठ्यांची किंमत जुन्या एकराएवढी होईल? ४० भागिले साडेतीन, साधारण साडेअकरा पट. रस्ते, पाणी, स्टेशन आल्यावर भाव तेवढा वाढला का, हे मुलं घरी विचारून येतात. काहींच्या घरी प्लॉट हातात येण्याआधीच हक्क विकलेला असतो. त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तोही आम्ही वर्गातच मांडतो.