डोंगराची माती परत डोंगरावर

ही टेकडी बघा. खाली फ्रान्समधलं तँ-लेर्मिताज गाव, त्याला लागून र्‍होन नदी, आणि नदीनं इथे वळण घेतल्यामुळे हा उतार बरोब्बर दक्षिणेला तोंड करून उभा आहे, म्हणजे दिवसभर ऊन. वर जे छोटं चॅपल दिसतंय त्याची दंतकथा अशी की 1224 च्या सुमारास युद्धावरून थकून आलेला एक सरदार इथे संन्यासी होऊन राहिला, आणि टेकडीला नाव पडलं एर्मिताज. अख्खी टेकडी मिळून साडेतीनशे एकरसुद्धा भरत नाही, आणि तीही बरीचशी मोठमोठ्या वाईन कंपन्यांकडे आहे.

पण आपल्याला जायचंय शाव कुटुंबाकडे. यांच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, 1481 पासून बाप-लेक द्राक्षशेती करतायत. आधी जेरार शाव, आता त्यांचा मुलगा जाँ-लुई. तळघर नदीपलीकडे मोव्ह नावाच्या गावात.

इथला उतार इतका खडा आहे की बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर चढतच नाही, प्रत्येक वेलीला स्वतंत्र लाकडी खुंट, आणि काढणी सगळी हातानं. जोराचा पाऊस झाला की माती खाली येते, ती अडवणारे दगडी गडगे ढासळतात. मग तेच दगड उचलायचे, परत रचायचे, मोठा दगड हलत असेल तर फटीत चीप बसवायची, आणि खाली वाहून गेलेली माती परत वर न्यायची. शेकडो वर्षं हेच चाललंय इथे, म्हणून मला वाटतं की ही वाईन आधी गवंडीकाम आहे आणि मग बाकी सगळं.

आता टेकडी एक असली तरी माती एक नाही. पश्चिमेला बेसार नावाच्या तुकड्यात ग्रॅनाइट, शेजारच्या मेआल तुकड्यात गोटेच गोटे, आणि दोन्हीकडे सिरा जातीचंच द्राक्ष, तरी चव वेगळी. शाव मंडळी प्रत्येक तुकड्याची वाईन वेगळी करतात, वेगळी पिंपात मुरवतात आणि शेवटी चाखून चाखून सगळ्यांची मिळून एकच रेड एर्मिताज बनवतात. आजकाल एकेका प्लॉटची बाटली वेगळी विकली तर भाव चांगला मिळतो, पण ह्यांचं म्हणणं टेकडी पूर्ण दिसली पाहिजे, आणि मला हे मनापासून पटतं. फक्त 1990 पासून, मोजक्याच वर्षी, कातलँ नावाची एक वेगळी बाटली निघते. व्हाइट वाईनसाठी मार्सान आणि रूसान या द्राक्षाच्या जाती.

मूळचं हे कुटुंब इथलं नाहीच. ते नदीच्या पलीकडच्या डोंगरातले, लाँप्स गावचे. 19व्या शतकात फायलोक्सेरा आला, मुळं खाणारी बारीकशी कीड, आणि फ्रान्सभरच्या बागा वाळून गेल्या. उपाय सापडला तो ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन मुळांवर कलम करण्याचा (आपल्याकडे नाशिक-सांगलीला डॉगरिजवर कलम करतात, तीही अमेरिकेकडचीच मुळं, कारण मात्र वेगळं). पण लाँप्सच्या वर जो बाशासों नावाचा उतार होता तिथे परत लागवड करायला कुणी गेलंच नाही, गडगे झाडीत गेले आणि सगळं रान झालं.

जाँ-लुई अमेरिकेत शिकून 1990 च्या दशकात घरी आले आणि त्यांनी हाच उतार हातात घेतला. आधी झाडी तोडली, मग एकेक गडगा नव्यानं उभा केला, आणि त्यानंतर सिराच्या वेली लावल्या. त्या द्राक्षांची वाईन आज सें-जोझेफ या तिथल्या पट्ट्याच्या नावानं विकली जाते.