पाठ करून बघितलेली फायनल

[स्क्रीन काळी. फक्त गर्दीचा आवाज.]

फोन बिघडला नाहीये तुमचा, स्क्रीन मुद्दाम काळी ठेवलीये. नुसतं ऐका. आधी कलकल, मग शिट्टी, मग हजारो माणसं एकदम गप्प, मग बुटाचा बॉलला ठक्क आणि पुढच्या क्षणाला अर्धं स्टेडियम फाटल्यासारखं ओरडतं. उरलेलं अर्धं पण तिथेच आहे, त्याचा फक्त आवाज येत नाही.

आमचा एक मित्र पेनल्टी शूटआउट, म्हणजे मॅच बरोबरीत सुटली की दोन्ही टीम आळीपाळीने पेनल्टी मारून निकाल लावतात ते, अशीच बघतो. म्हणजे बघत नाहीच, ऐकतो. एक्स्ट्रा टाइम संपला की हा माणूस उठतो, टीव्हीकडे पाठ करतो, भिंतीला कपाळ टेकवतो आणि दर थोड्या वेळाने विचारतो, "गेला का? अरे सांगा ना, गेला का?" मेस्सीसाठी जीव देईल असा फॅन, पण वर्ल्डकप जिंकला तो क्षण त्याने बघितलेलाच नाही.

[18 डिसेंबर 2022. लुसैल स्टेडियम, कतार.]

आता ती मॅच परत सांगायची गरज नाही खरं तर, पण तरी. अर्जेंटिना 2-0 पुढे, 80 मिनिटं झालेली, लोक ट्रॉफीचे फोटो टाकायला बसलेले आणि समोरच्या फ्रान्सच्या एम्बापेने 97 सेकंदांत दोन गोल मारले. एक्स्ट्रा टाइममध्ये 108 व्या मिनिटाला मेस्सी, 118 व्या मिनिटाला परत एम्बापे, 3-3. आणि अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी अर्जेंटिनाच्या गोलकीपरच्या समोर एकटा, तिथे एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय असा काही ताणला की फ्रान्सचे लोक आजही तो क्लिप आला की पुढे ढकलतात. एवढं सगळं झाल्यावर निकाल काय, तर पेनल्टी!

टीव्हीवर या वेळी काय दिसतं? बॉल मारणारा, गोलकीपर, रेफरी, परत बॉल मारणारा. माझं म्हणणं एवढंच आहे की कॅमेरा चुकीच्या बाजूला लावलेला असतो. 11 मीटरवरून बॉल मारणाऱ्याच्या पायाशी निदान बॉल तरी आहे. 7.32 मीटर रुंद गोलमध्ये उभ्या असलेल्या कीपरला कुठल्या तरी बाजूला उडी तरी मारता येते. फॅनच्या हातात काय? काहीच नाही. 120 मिनिटं तो घसा फोडून आपण पण खेळतोय असं स्वतःला पटवत असतो आणि शूटआउट सुरू झाली की त्याला कळतं की आपला काही संबंधच नाही इथे.

मग तो संबंध तयार करतो. मघाशी गोल झाला तेव्हा कोण कुठे बसलं होतं ते आठवून सगळ्यांना तिथेच परत बसवलं जातं, पाणी आणायला कोणी उठला तर त्याच्यावर ओरडा, एकाने मांडी बदलली आणि फ्रान्सच्या कोमानची पेनल्टी अडवली तर पुढची दहा मिनिटं त्याने तशीच मांडी घालून बसायचं, पायाला मुंग्या आल्या तरी. देव पाण्यात घालून बसणं म्हणतात ते हेच. आणि हे करणारी माणसं एरवी एकदम लॉजिकल असतात बरं का.

त्यात आमच्याकडे अजून एक लोच्या होता. आम्ही मॅच बघत होतो फोनवरून टीव्हीला जोडून, स्ट्रीमिंग, आणि ते मागे चाललेलं. किती मागे ते मोजलं नाही पण एवढं मागे की शेजारच्या घरातला आरडाओरडा आधी यायचा आणि आमच्याकडे अर्जेंटिनाचा दिबाला अजून बॉल ठेवत असायचा. म्हणजे बॉलला पाय लागायच्या आधी आम्हाला निकाल माहीत. भिंतीला कपाळ टेकवलेल्या आमच्या मित्राला तर सगळ्यात आधी, कारण भिंत त्याच्याच कानाशी होती. आम्ही स्क्रीन सोडून त्याच्या खांद्यांकडे बघायला लागलो. खांदे खाली आले की गोल.

[जुनं ब्लॅक अँड व्हाइट फुटेज.]

पेनल्टीला लॉटरी म्हणणाऱ्यांना एकच सांगायचंय, खरी लॉटरी आधी होती. 1968, युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या कपची, सेमीफायनल, नेपल्स, इटली विरुद्ध सोव्हिएत युनियन, 0-0. पेनल्टी शूटआउट तेव्हा नियमात नव्हतीच. मग केलं काय, तर दोन्ही कॅप्टन आणि रेफरी आत गेले आणि नाणं उडवलं. आत! स्टेडियममध्ये खच्चून भरलेले लोक रिकाम्या मैदानाकडे बघत बसलेत, आत काय चाललंय कोणाला पत्ता नाही. मग इटलीचा कॅप्टन फाकेत्ती आनंदाने बाहेर धावत आला तेव्हा लोकांना कळलं की आपण फायनलमध्ये आहोत. त्याच्या चेहऱ्यावरून. समोरच्या टीमच्या फॅनला दोष द्यायला पण कोणी नाही, शिव्या घालायच्या तर त्या नाण्याला.

1970 मध्ये शूटआउट नियमात आली. मोठी फायनल पहिल्यांदा पेनल्टीवर गेली ती 1976 ची युरो, बेलग्रेडमध्ये, चेकोस्लोव्हाकिया आणि पश्चिम जर्मनी. जर्मनीच्या हॉनेसने बॉल आकाशात मारला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने तो हळूच, चमच्याने उचलावा तसा, मधोमध टाकला, कीपर सेप मायर तोवर बाजूला पडलेला. वर्ल्डकपची फायनल यायला मात्र 1994 उजाडलं, पासाडिनाच्या उन्हात ब्राझील-इटली 0-0 आणि रॉबर्टो बॅजियो कमरेवर हात ठेवून मान खाली घालून उभा. ज्या माणसाने नॉकआउटमध्ये पाच गोल मारून इटलीला फायनलला आणलं, त्याचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो बारवरून गेलेला बॉल. बारेसीने पण वर मारलेला त्याच दिवशी आणि मासारोची अडवलेली, पण ते विचारलं तर दहातल्या आठ जणांना आठवत नाही. फॅनची मेमरी अशी शेवटच्या चुकीपाशी अडकते.

[वेम्बली, 11 जुलै 2021.]

आणि इथे फॅन लोकांची जी बाजू दिसते ती दाखवल्याशिवाय हा व्हिडिओ पूर्ण होणार नाही, बघायला बरं वाटत नाही तरी. युरोची फायनल, इंग्लंड-इटली 1-1. दुपारपासून स्टेडियमबाहेर गोंधळ, तिकीट नसलेले लोक गेट तोडून आत घुसलेले. इंग्लंडच्या मॅनेजरने रॅशफर्ड आणि सँचोला अगदी शेवटच्या मिनिटाला उतरवलं, खास पेनल्टीसाठी. रॅशफर्डचा बॉल पोस्टला लागला, सँचोचा अडवला, आणि शेवटची पेनल्टी मारायला आला साका, वय 19. इटलीचा कीपर डोनारुम्माने तीही अडवली.

पुढच्या काही तासांत तिघांच्या अकाउंटवर वर्णावरून जे लिहिलं गेलं ते इथे वाचून दाखवणार नाही. मँचेस्टरमध्ये विदिंग्टन भागात रॅशफर्डचं भिंतीवर मोठं चित्र आहे, त्या रात्री ते कोणीतरी खराब केलं. सकाळी लोक आले. आधी खराब झालेला भाग झाकला, मग त्यावर कागदी हार्ट, चिठ्ठ्या, झेंडे, पोरांनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेली पत्रं, बघता बघता अर्धी भिंत भरून गेली. साका क्लबमध्ये परत गेला तेव्हा तिथे त्याच्यासाठी आलेल्या पत्रांची अख्खी भिंत लावलेली होती. पण आदल्या रात्री वाट्टेल ते लिहिणारे पण स्वतःला फॅनच म्हणवत होते, त्यांना वेगळं काढून "ते खरे फॅन नव्हेत" असं म्हणणं मला जरा सोयीचं वाटतं. कतारनंतर कोमान आणि चुआमेनीच्या बाबतीत परत तेच झालं की.

[हृदयाच्या ठोक्याचा आवाज.]

मध्येच एक गोष्ट. 1998 च्या वर्ल्डकपला इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरलं, फायनल नव्हती, साधी दुसरी फेरी, पण त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हार्ट अटॅकने हॉस्पिटलमध्ये भरती होणाऱ्यांचं प्रमाण 25 टक्के वाढलं होतं. डॉक्टरांनी नंतर आकडे काढले. 2006 च्या वर्ल्डकपला म्युनिक परिसरात असाच अभ्यास झाला, जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या केसेस नेहमीच्या अडीच पटीहून जास्त. तेव्हा आमच्या मित्राला हसू नका. भिंतीला कपाळ टेकवणं कदाचित तब्येतीला बरं असेल.

[लिब्रव्हिल, गॅबॉन. 12 फेब्रुवारी 2012.]

हिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात आणि माझी सगळ्यात आवडती फायनल हीच आहे. आफ्रिका कप, झांबिया विरुद्ध आयव्हरी कोस्ट. 1993 मध्ये झांबियाच्या टीमचं विमान याच गॅबॉनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं होतं, 18 खेळाडू धरून सगळे 30 जण गेले. कॅप्टन कालुशा ब्वाल्या त्या विमानात नव्हता म्हणून वाचला आणि 2012 ला तोच झांबिया फुटबॉलचा अध्यक्ष. फायनलच्या आधी टीमने किनाऱ्यावर जाऊन फुलं वाहिली. समोर द्रोग्बा, तोरे बंधू, जर्विन्हो, नावं ऐकूनच घाम फुटावा अशी टीम. द्रोग्बाने मॅचमध्येच एक पेनल्टी वर मारली, 0-0, शूटआउट. आणि शूटआउट चालू असताना झांबियाची पोरं मैदानात गाणं म्हणत होती, गुडघ्यांवर, एकमेकांना धरून. कोलो तोरेची अडवली, झांबियाच्या कलाबाने वर मारली, लगेच जर्विन्होने पण वर मारली, मग झांबियाचा सुंझू आला आणि 8-7.

आयव्हरी कोस्टच्या फॅनचं काय हो? त्यांच्या नशिबात हेच लिहिलंय बहुतेक. 1992 ला घानाला पेनल्टीवर 11-10 हरवून कप जिंकले, 2006 ला इजिप्तकडून पेनल्टीवर हरले, 2012 ला हे. आणि 2015 ला फायनलला परत घाना, परत 0-0, परत पेनल्टी, त्यांच्या पहिल्या दोन्ही वाया. तिथे टीव्ही बंद केलेल्या माणसाला मी अजिबात नावं ठेवणार नाही. पण मग दोन्ही टीमचे खेळाडू संपले, गोलकीपरवर पाळी आली, त्यांच्या बॅरीने आधी घानाच्या कीपरची पेनल्टी अडवली आणि मग उठून स्वतः मारली. 9-8. टीव्ही बंद केलेल्यांना हे शेजाऱ्यांकडून कळलं असणार.

[परत लुसैल.]

पेनल्टी होत्या अर्जेंटिनाच्याच फॅनसमोर. म्हणजे फ्रान्सचा माणूस बॉल ठेवतोय आणि त्याच्यासमोर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उभी भिंत शिट्ट्या मारतेय. त्यात चुआमेनीच्या वेळी मार्टिनेझने बॉल त्याच्या हातात द्यायचा तर लांब फेकून दिला, जा घेऊन ये. चुआमेनीने बाहेर मारली. पारेदेसने गोल केला, कोलो मुआनीने केला आणि मग आला मोंतिएल. 118 व्या मिनिटाच्या गोलआधी ज्याच्या हाताला बॉल लागून फ्रान्सला पेनल्टी मिळाली तोच हा मोंतिएल.

शेजारून आवाज आला. आमच्याकडे मोंतिएल अजून पळायला सुरुवातही करत नव्हता. मित्राचे खांदे खाली आले आणि तो तसाच भिंतीला धरून खाली बसला, रडायलाच लागला पठ्ठ्या, आणि आम्ही वेड्यासारखे स्क्रीनकडे बघतोय, कारण आम्हाला माहीत आहे काय होणारे तरी बघायचंय. बॉल गेला. मोंतिएलने जर्सी वर ओढून तोंड झाकून घेतलं. मेस्सी मधल्या वर्तुळात गुडघ्यांवर.

दोन दिवसांनी ब्युनोस आयर्समध्ये सुट्टी, रस्त्यावर लाखो लोक, पुलावरून टीमच्या बसवर उड्या मारणारे, शेवटी बस पुढे सरकेना म्हणून खेळाडूंना हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. ते सगळं आम्ही फोनवर बघितलं, मित्राने पण. मग कोणीतरी म्हटलं आता ती शेवटची पेनल्टी तरी बघ बाबा एकदा, सगळ्या जगाने बघितली, निकाल माहितीये तुला. त्याने फोन हातात घेतला. मोंतिएलने बॉल ठेवला, मागे आला, शिट्टी झाली.

त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "गेला का?"