टॅब दाबल्यावर

(काळा पडदा. कर्सर लुकलुकतो आहे.)

अर्धा शब्द लिहून झाला आहे, पुढचं नक्की आठवत नाही. डाव्या हाताचं बोट टॅबवर जातं आणि शब्द पुरा होतो. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून संगणक चालवायच्या पडद्यावर, रोज काम करणाऱ्याला ही कळ दाबल्याचं भानही राहत नाही.

पण आपण स्वतः एखादी कमांड लिहिली, की तीच कळ अनोळखी होते. फार तर समोरच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं दाखवते. आपल्या कमांडबद्दल तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं. ते कसं सांगायचं, हे आज बघू.

ही सोय बरीच जुनी आहे. पीडीपी-१० या संगणकावर चालणाऱ्या टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अर्धवट शब्दानंतर एस्केप दाबला की उरलेला शब्द पुरा व्हायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठातले केन ग्रीअर यांनी ती कल्पना सी शेलमध्ये आणली. शेल म्हणजे आपण लिहिलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम. त्यातून जे शेल तयार झालं त्याचं नाव टीसीएसएच, आणि त्यातला ‘टी’ टेनेक्सचा. आज आपण वापरणार आहोत ते बॅश हे शेल आलं १९८९ साली. कोणत्या कमांडपुढे काय सुचवायचं हे आपण ठरवण्याची मुभा मात्र त्यात २००० साली, २.०४ या आवृत्तीपासून मिळाली.

(पडद्यावर: ‘जतन’ हा शब्द, पुढे कर्सर.)

समजा, आपलं एक छोटं साधन आहे, ‘जतन’. फाइलींच्या प्रती ठेवणारं. त्याच्या चार सबकमांड आहेत: ठेव, यादी, परत आणि पूस.

आपण ‘जतन’ लिहून टॅब दाबतो तेव्हा ‘जतन’ चालू झालेलंच नसतं. एंटर अजून दाबलेला नाही. ती कळ वाचते रीडलाइन ही लायब्ररी, आणि मग बॅश बघतं की या नावासाठी कुणी काही नोंदवून ठेवलं आहे का. ही नोंद करणाऱ्या कमांडचं नाव ‘कम्प्लीट’. तिला डॅश एफ, मग आपल्या फंक्शनचं नाव आणि शेवटी ‘जतन’ असं दिलं, की ओळख झाली.

आता प्रत्येक टॅबला आपलं फंक्शन बोलावलं जाईल. ओळीतले सगळे शब्द ‘कॉम्प वर्ड्स’ या ॲरेमध्ये, म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत, असतात. कर्सर कितव्या शब्दावर आहे, ते ‘कॉम्प सीवर्ड’मध्ये. फंक्शननं आपलं उत्तर ‘कॉम्प रिप्लाय’ या ॲरेमध्ये ठेवायचं. देवाणघेवाण एवढीच.

इथे बरेच जण अडखळतात. फंक्शननं दिलेलं उत्तर बॅश गाळून घेत नाही. ‘प’ लिहिलेला असताना फंक्शननं चारही शब्द ठेवले, तर चारही पडद्यावर येतील. गाळणं आपलं काम, आणि त्यासाठी ‘कॉम्पजेन’ आहे. त्याला डॅश डब्ल्यूनं शब्दांची यादी द्यायची, मग दोन डॅश, मग अर्धवट शब्द. ते दोन डॅश कधीही वगळू नका. वापरणारा एखादा पर्याय लिहीत असेल, तर अर्धवट शब्दच डॅशनं सुरू होतो, आणि कॉम्पजेनला तो स्वतःसाठीच दिलेला पर्याय वाटतो.

(पडद्यावर: ‘जतन प’. टॅब. काहीच हलत नाही. पुन्हा टॅब. खाली ‘परत’ आणि ‘पूस’.)

पहिल्या टॅबला फक्त सामायिक भाग भरला जातो. इथे तो ‘प’च आहे, म्हणून ओळ जागची हलत नाही. दुसऱ्या टॅबला यादी दिसते.

सबकमांड झाल्या. पण खरी गरज त्यांच्या पुढे आहे. चार शब्द माणूस पाठ करतो. ‘परत’नंतर कोणत्या प्रतीचं नाव द्यायचं, ते कसं पाठ असेल? ते फक्त ‘जतन’लाच ठाऊक आहे. म्हणून फंक्शननं आतून ‘जतन यादी’ चालवायची आणि आलेली नावं सुचवायची. माझ्या मते कम्प्लीशन, म्हणजे टॅबला शब्द पुरा करणारी ही सोय, लिहिण्याचे कष्ट सार्थकी लागतात ते इथे.

आणि जपायचंही इथेच. हे फंक्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत नाही, ते वापरणाऱ्याच्या चालू शेलमध्येच चालतं. ‘लोकल’ न लिहिता व्हेरिएबल वापरलं, तर त्याच नावाचं त्याचं व्हेरिएबल पुसलं जाईल. आत कुठे ‘सीडी’ केलं, तर तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन पडेल. ‘एक्झिट’ लिहिलं, तर शेलच बंद. एररचा एक शब्द जरी बाहेर आला, तरी तो त्याच्या अर्ध्या ओळीच्या मधोमध छापला जातो. म्हणून एरर डेव्ह नलमध्ये सोडायच्या, तिथे गेलेलं सगळं नाहीसं होतं. पासवर्ड विचारायचा नाही, नेटवर्कची वाट बघायची नाही. यादी यायला वेळ लागत असेल, तर ती थोडा वेळ साठवून ठेवता येते. ‘पूस’साठी मात्र मी साठवलेली यादी वापरणार नाही. पुसायच्या वेळी समोर ताजीच नावं हवीत.

फाइल कुठे ठेवायची? बॅश-कम्प्लीशन हा संच बसवलेला असेल, तर त्याच्या कम्प्लीशन्स फोल्डरमध्ये, कमांडच्याच नावानं. पहिल्या टॅबला ती आपोआप लोड होते, शेल उघडताना उगाच वेळ जात नाही. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये फाइलची पहिली ओळ ‘कॉम्पडेफ’ची असते, आणि प्रत्येक पर्यायापुढे त्याचं वर्णनही दाखवता येतं. फिश या शेलमध्येही वर्णन दाखवता येतं.

(पडद्यावर: ‘जतन परत सोमवार:सका’. टॅब. ओळ होते ‘जतन परत सोमवार:सोमवार:सकाळ’.)

प्रतीचं नाव ‘सोमवार:सकाळ’ आहे, पण सोमवार दोनदा आला. बॅश शब्द तोडताना अपूर्णविरामावरही तोडतं, कारण पाथसारख्या (कमांड कोणकोणत्या फोल्डरमध्ये शोधायच्या ते सांगणाऱ्या) याद्यांत तो दोन नावांच्या मध्ये असतो. त्याच्या लेखी चालू शब्द फक्त ‘सका’ आहे. आपण सगळे तुकडे जोडून बरोबर नाव शोधलं आणि पूर्ण नाव परत दिलं. बॅशनं ते ‘सका’च्या जागी ठेवलं.

‘कॉम्प वर्डब्रेक्स’ या व्हेरिएबलमधून अपूर्णविराम काढून टाकला, तर हे थांबतं. पण ते व्हेरिएबल अख्ख्या शेलचं आहे, दुसऱ्यांनी लिहिलेली कम्प्लीशन्स त्याच्यावर विसंबून आहेत. त्याला हात लावायचा नाही. त्याऐवजी ‘कॉम्प रिप्लाय’मधल्या प्रत्येक नावातून अपूर्णविरामापर्यंतचा भाग छाटायचा, कारण तो ओळीत आधीच लिहिलेला आहे. बॅश-कम्प्लीशनमध्ये यासाठी तयार फंक्शनही आहे.

(पडद्यावर: ‘जतन परत सोमवार:सका’. टॅब. ‘जतन परत सोमवार:सकाळ’. पुढे एक मोकळी जागा, आणि कर्सर.)