मॉर्वेनस्टोचे पाळक आणि समुद्राने आणलेली माणसं

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पाळकाच्या आयुष्यातले टप्पे या विषयावर बोला, असं मंडळाने कळवलं. टप्पे म्हटलं की दीक्षा, पहिली नेमणूक, बदल्या, निवृत्ती आणि शेवटी शाल-श्रीफळ. त्यात तासभर बोलण्यासारखं काही नसतं. पाळकाच्या आयुष्यात लक्षात राहतात त्या तारखा बहुतेक दुसऱ्यांच्याच: कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं लग्न, कुणाची माती. म्हणून मी आज एकच माणूस निवडला आहे. रेव्हरंड रॉबर्ट स्टीफन हॉकर. इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर मॉर्वेनस्टो नावाचं खेडं. तिथे ते चाळीस वर्षं पाळक होते.

आधी पॅरिश म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सभागृहात सगळेच चर्चमधले नाहीत. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, व्यवस्थेत इंग्लंडची सगळी जमीन पॅरिशांत वाटलेली होती. घर असो, माळ असो की कडा, कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या हद्दीत तो येणारच. त्या हद्दीतला प्रत्येक माणूस पाळकाच्या जबाबदारीत. तो उपासनेला येतो का, वर्गणी देतो का, हा प्रश्नच नाही. मोबदल्यात पाळकाला गावाच्या उत्पन्नातला दशांश आणि कसायला जमीन मिळायची. आपल्याकडच्या वतनासारखाच हा प्रकार, आणि वतनाचे सगळे रोग त्याला जडलेले. उत्पन्न खायचं एकाने, राहायचं शहरात, आणि गावात तुटपुंज्या पगारावर एखादा क्युरेट, म्हणजे दुय्यम पाळक, ठेवून द्यायचा. मॉर्वेनस्टोत तर शंभराहून अधिक वर्षं मुक्कामाला राहणारा पाळकच नव्हता. हॉकर १८३५ साली आले ते राहायला आले. हद्दीत जो येईल तो आपला, हे त्यांनी अगदी शब्दशः घेतलं. मला आज सांगायचं आहे ते एवढ्याचबद्दल.

आता त्यांच्याबद्दलच्या गमती. त्या तुम्ही नेटवर वाचल्या असतील, तेव्हा लवकर उरकतो. जन्म १८०३, प्लिमथचा. एकोणिसाव्या वर्षी लग्न केलं ते एक्केचाळीस वर्षांच्या शार्लटशी. लोकांनी नाकं मुरडली, पण संसार चाळीस वर्षं झाला आणि चांगला झाला. ऑक्सफर्डला शिकताना कवितेचं मानाचं बक्षीस मिळवलं. कॉर्नवॉलवर लिहिलेलं एक गाणं त्यांनी नाव न घालता छापलं, तर लोक ते जुनं लोकगीतच समजून बसले. आजही कॉर्नवॉलचे लोक ते राष्ट्रगीतासारखं म्हणतात. कपडे विचारू नका. पाळकाचा काळा पोशाख सोडून हा माणूस मद्याच्या रंगाचा लांब कोट, आत कोळ्यांची निळी जर्सी आणि पायात गुडघ्याच्या वर जाणारे समुद्री बूट घालून हिंडायचा. मांजरं त्यांच्यामागे चर्चमध्ये यायची. रविवारी उंदीर मारला म्हणून एका मांजराला त्यांनी चर्चमधून बहिष्कृत केलं, अशीही एक कथा आहे. ती ऐकायला छान आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. हॉकर गेल्यावर वर्षभरात त्यांचं एक चरित्र आलं. ते लिहिणारा स्वतः पाळक, पण गोष्ट रंगवण्यात पटाईत. तेव्हापासून कथा आणि माणूस यांची जी सरमिसळ झाली ती आजवर सुटलेली नाही.

घर मात्र कथेतलं नाही, ते उभं आहे. हॉकरांनी स्वतःच बांधून घेतलेल्या त्या पाळकगृहाची धुराडी आपल्या आयुष्यातल्या चर्चांच्या मनोऱ्यांसारखी घडवून घेतली, आणि स्वयंपाकघराचं धुराडं आईच्या थडग्याच्या घाटाचं. दारावर चार ओळी कोरल्या: घर आहे, जमीन आहे, रोजचा एक पौंड आहे, चर्चशी इमान राख, गरिबांशी दयेने वाग. पुढे येणाऱ्या प्रत्येक पाळकाला दारातच तंबी.

आता समुद्राकडे येऊ. मॉर्वेनस्टोला बंदर नाही. आहेत ते कडे, त्यातला हेन्ना क्लिफ साडेचारशे फुटांच्या आसपास. खाली धारदार काळे खडक आणि समोर थेट अटलांटिक. शिडाची जहाजं वाऱ्याने एकदा या बाजूला रेटली की परतायला वाव नसायचा. फुटलेल्या जहाजातलं लाकूड, पिंपं, दोरखंड लोक रातोरात घरी नेत. गावात आपल्या पदरात काय पडलंय हे सांगताना हॉकरांनीच तस्कर, जहाजलुटारू आणि चर्चबाहेरच्या पंथांचे लोक अशी मोट बांधली आहे. आणि माल उचलून झाला की मागे राहायची ती प्रेतं.

जुनी रीत अशी, की वाहून आलेलं प्रेत किनाऱ्यावरच कुठेतरी खड्डा काढून पुरायचं. ना विधी, ना नोंद. कोण जाणे कुठल्या धर्माचा, कुठल्या देशाचा. कॉर्नवॉलच्याच किनाऱ्यावर १८०७ साली 'ॲन्सन' ही युद्धनौका फुटली, माणसं मोठ्या संख्येने बुडाली, आणि प्रेतांची अशीच वासलात लागली. त्यावर ओरड झाली आणि १८०८ साली कायदा झाला: समुद्राने टाकलेलं प्रेत ज्या पॅरिशच्या हद्दीत सापडेल त्या पॅरिशने ते चर्चच्या आवारात पुरायचं. पण कायदा कागदावर असतो आणि प्रेत असतं कड्याच्या पायथ्याशी.

ते वर कसं येणार? हे काम कसं व्हायचं ते जरा डोळ्यांसमोर आणा. वादळ शमलं की हॉकर माणसं घेऊन खडकांवर उतरत. एक दिवस शोधून भागत नसे, कारण समुद्र सगळी प्रेतं एकदम देत नाही. कपारीत अडकलेलं दोन आठवड्यांनी सुटतं, आणि तोवर ते कशा अवस्थेत असतं हे कोकणातल्या मंडळींना मी सांगायला नको. कित्येकदा अखंड देह नसेच. जे मिळेल ते गोळा करायचं. शोधणाऱ्यांच्या पोटात ढवळायचं म्हणून हॉकर त्यांना जिन पाजत, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मग तिरडी खांद्यावर घेऊन निसरड्या पायवाटेने वर. चर्चच्या आवाराच्या फाटकाशी प्रेतं ठेवायची एक लहानशी खोली होती. तिथे धुणं, गुंडाळणं, पेटी, आणि मग पांढरा झगा घालून हॉकर स्वतः पुढे. राजाच्या प्रेतावर जी प्रार्थना म्हटली जाते तीच इथे, शब्दही कमी नाही. अशी चाळीसहून अधिक माणसं त्यांनी पुरली.

सगळ्यांत गाजलं ते 'कॅलेडोनिया'. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचं हे जहाज सप्टेंबर १८४२ मध्ये फुटलं. वाचला तो एकच जण, जर्सी बेटावरचा. हॉकरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. बाकीच्यांना चर्चच्या आवारात जागा दिली, आणि त्यांच्या डोक्याशी दगडाऐवजी जहाजाच्या नाळेवरची लाकडी बाईच उभी केली. पांढरी, हातात तलवार आणि ढाल. मूळ पुतळा आता चर्चच्या आत आहे, बाहेर त्याची प्रतिकृती.

या माणसाला हे सोपं जायचं, असा समज नको. वारा वाढला की त्यांची झोप उडायची. कड्यावर त्यांनी जहाजांच्या भंगाराच्या लाकडांची एक झोपडी बांधली होती, तिथे बसून समुद्र बघत आणि लिहीत. ती अजून आहे. नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडच्या सगळ्या वास्तूंत ती सर्वांत लहान. तिथे ते अफूही घेत. ती सवय त्यांना अखेरपर्यंत सुटली नाही, आणि उतारवयात स्वभाव जो चिडखोर, संशयी झाला त्यात तिचा वाटा असणार.

मुंबईचाही एक धागा इथे येतो. ऑक्टोबर १८६२ मध्ये 'बेंकूलन' नावाचं मोठं जहाज लिव्हरपूलहून मुंबईला निघालं आणि शेजारच्या बूड गावासमोर फुटलं. काठावर गर्दी जमलेली, जीवरक्षक होडी हाताशी, पण ती काही समुद्रात गेली नाही. बहुतेक खलाशी लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. हॉकरांनी त्यावर एक जहरी कविता केली. तिच्यात एक म्हातारा डोमकावळा बोलतो: नव्वद वर्षं जगलो, पण या बूडमध्ये वाचवलेल्या माणसासाठी ओरडायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. शेजारगावाने ती किती मनाला लावून घेतली असेल!

म्हणजे माणूस गोड नव्हता. अँग्लिकन चर्चपासून वेगळे झालेल्या वेस्लीपंथीयांवर तर त्यांचा भारी राग. आमच्या माणसाला तुमच्या आवारात पुराल का, असं त्यांच्यापैकी एकाने विचारलं, तर म्हणे हॉकर उत्तरले, तुम्हां सगळ्यांनाच पुरायला मला आनंद वाटेल. ही गोष्टही त्याच चरित्रातली, तेव्हा जपून घ्या. पण तिच्यातली मेख बघा. राग आहे, टोमणा आहे, आणि तरी नकार नाही. ते हद्दीत आहेत ना, मग पुरायचं.

त्यांची एक गोष्ट मात्र आपल्यापर्यंत येऊन पोचली आहे. जिवंतांसाठी त्यांनी १८४३ साली एक उपासना सुरू केली. १ ऑक्टोबर, रविवार. पीक घरात आलं, आता उपकार मानायला या, असं पत्रक काढून सगळ्या गावाला बोलावलं, आणि नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन दिलं. आज जगभरच्या चर्चांत जो हार्वेस्ट फेस्टिव्हल होतो त्याची आधुनिक सुरुवात या दिवसापासून धरतात. आपल्याकडचं अँग्लिकन चर्च १९७० साली नागपूरला इतर पंथांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालं, पण हा सण टिकला. आपल्याकडे वेदीपुढे बाजरीची कणसं, ऊस, भोपळे मांडतात, आणि उपासनेनंतर लिलाव. ज्याने कोंबडी घेतली तो ती परत दान करतो, की पुन्हा बोली सुरू. मॉर्वेनस्टोच्या शेतकऱ्यांना तो लिलाव फार आवडला असता.

१८६३ साली शार्लट गेल्या. हॉकर खचले. पुढच्या वर्षअखेरीला त्यांनी दुसरं लग्न केलं, वय ६१, आणि नवरी पॉलीन २० वर्षांची. तीन मुली झाल्या. पैशाची ओढाताण, चर्चच्या दुरुस्तीचा खर्च, प्रकृती, सगळंच बिघडत गेलं.

ऑगस्ट १८७५ मध्ये प्लिमथला मरणशय्येवर असताना त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी प्राण सोडला. शोक करणारे काळ्याऐवजी जांभळ्या कपड्यांत आले. परक्या खलाशांना ज्यांनी मॉर्वेनस्टोच्या मातीत जागा दिली, त्यांची स्वतःची कबर प्लिमथच्या कबरस्तानात झाली.

मग वर्तमानपत्रांत जुंपली. चाळीस वर्षं अँग्लिकन पगार खाल्ला आणि आतून हा दुसरीकडचाच होता काय? शुद्धीवर होता की बायकोने करवलं? या वादात मी पडणार नाही. खडकांवरून उचललेल्या माणसाच्या गळ्यात क्रूस आहे की नाही हे न बघता ते पुरत होते, एवढं मला पुरेसं वाटतं. पण हॉकर स्वतः गप्प बसले नसते. त्यांनी वादात उडी घेतली असती, दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावले असते, आणि वर पदरचं टपाल हशील भरून संपादकाला कविता पाठवली असती.