पेशी आधी हात थांबवते

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'पेशीतला ताण आणि अनफोल्डेड प्रोटीन रिस्पॉन्स', म्हणजे घडी न बसलेल्या प्रोटीनांना पेशी देते तो प्रतिसाद. तो मी घेणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कित्येक वर्षं ती डोक्यात घोळतेय आणि आज तुम्ही एवढे सगळे समोर बसलायत.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी हे इथे कुणाला सांगायला नको. पण साखळी पूर्ण झाली म्हणजे प्रोटीन तयार झालं असं नाही, तिची घडी बसावी लागते. हात वर करा पाहू, शाळेत या घडीबद्दल कुणाला कुणी शिकवलं होतं? दोन. बरं, मलाही नव्हतं शिकवलं. आणि आपला शब्द किती नेमका आहे बघा, संसाराची घडी बसते, कामाची घडी बसते, आणि विस्कटली की कशाचा कशाला मेळ राहत नाही. इथेही तेच होतं. साखळीतले पाणी टाळणारे तुकडे आत दडायला हवेत, घडी चुकली की ते बाहेर उघडे राहतात, शेजारच्या तशाच साखळीला चिकटतात, ती तिसरीला, आणि मग गुठळ्या.

या गुठळ्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. संशोधनात नवीन होतो, माणसाचं एक एन्झाइम ई. कोलाय बॅक्टेरियात बनवायचं होतं. जनुक घातलं, 37 डिग्रीला शेकरवर वाढवलं, आयपीटीजी, म्हणजे ते जनुक चालू करणारं रसायन, टाकलं, आणि जेलवर प्रोटीनाचा बँड असा जाडजूड आला की मी तो दाखवायला धावतच गेलो. दुसऱ्या दिवशी पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली तर सगळंच्या सगळं प्रोटीन तळाला, खडूची ओली पूड दाबून बसवावी तसा पांढरा थर, आणि वरच्या द्रवात काहीच नाही. वरिष्ठ म्हणाले कमी पडतंय, आयपीटीजी वाढव. वाढवलं. थर आणखी जाड झाला. मग म्हणाले अजून वाढव. असे तीन महिने गेले हो! शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका ताईंनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, अरे किती घाई करतोयस, शेकर 18 डिग्रीला लाव, आयपीटीजी दहापट कमी कर आणि रात्रभर ठेव. केलं. बँड फिकट आला, पण वरच्या द्रवात आला, आणि एन्झाइम काम करत होतं.

तीन महिने गेले ते गेले. राग याचा येतो की आजही नवीन मुलांना पहिला प्रश्न 'किती बनलं' हाच विचारला जातो, 'घडी बसली का' हे कुणी विचारत नाही. आणि त्या ताईंनी जे सांगितलं, की बनवण्याचा वेग कमी कर म्हणजे घडी बसायला वेळ मिळेल, ते पेशीला आधीपासून ठाऊक आहे. हेच मला आज सांगायचंय. ताण आला की पेशी लढते, सामना करते असं आपण म्हणतो, पण त्याच्याही आधी ती हात थांबवते.

हे कळायची सुरुवात 1960 च्या दशकात इटलीत झाली. फेरुच्चो रितोसा नावाचे संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं बघत होते. ही गुणसूत्रं प्रचंड मोठी असतात, साध्या मायक्रोस्कोपखाली पट्टे दिसतात, आणि जिथे जनुक जोरात चालू असतं तिथे पट्टा सैल होऊन फुगतो. एके दिवशी कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढवून ठेवलं, आणि नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे आले, तेही काही मिनिटांत. दुसरा कुणी असता तर नमुना फेकून दिला असता. रितोसांनी मुद्दाम पुन्हा तापवून पाहिलं. एका नावाजलेल्या नियतकालिकाने पेपर परत पाठवला, जीवशास्त्रात याला महत्त्व नाही म्हणून. 1962 मध्ये तो दुसरीकडे छापून आला. त्या फुगवट्यांतून कोणती प्रोटीनं बनतात हे दिसायला 1974 उजाडलं. तीच हीट शॉक प्रोटीनं. बारा वर्षं!

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. उष्णतेचा झटका बसला की माशीच्या पेशीत नेहमीच्या प्रोटीनांचं उत्पादन पडतं, जनुकावरून उतरवलेल्या आरएनएची कापाकापी करून जोडणीही अडते, पण एचएसपी70 या हीट शॉक प्रोटीनाच्या जनुकात मुळात कापायला इन्ट्रॉनच, म्हणजे काढून टाकायचे मधले तुकडेच, नाहीत, त्यामुळे बाकी सगळं अडलेलं असताना त्याचं काम सुरू राहतं. आणि एचएसपी70 काय करतं, तर उघडे पडलेले चिकट तुकडे धरून ठेवतं, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून सोडतं, परत धरतं, म्हणजे साखळीला घडी बसवायची पुन्हा संधी मिळते. बरं, तापलंय हे पेशीला कळतं कसं? एचएसएफ1 नावाचा स्विच आहे, एरवी एचएसपी70 सारखे हेच मदतनीस त्याला धरून बसलेले असतात, गुठळ्या वाढल्या की ते तिकडे धावतात, स्विच मोकळा होतो. माणसं कमी पडली हाच निरोप.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं. मग ईआर, म्हणजे पेशीतलं पडद्यांचं जाळं जिथे प्रोटीनांची घडी बसते, ते भराभर घेतो.

पेशीतली साधारण एक तृतीयांश प्रोटीनं ईआरमधून जातात, बाहेर पाठवायची बहुतेक सगळी तिथलीच. तिथल्या मदतनिसाचं नाव बिप. तो कामात अडकला की ईआरच्या पडद्यातले तीन पहारेकरी जागे होतात, आयआरई1, पर्क आणि एटीएफ6. यातलं आयआरई1 हे 1993 मध्ये काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधलं, 2014 चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार दोघांना मिळाला. आयआरई1 एक्सबीपी1 नावाच्या जनुकाच्या आरएनएतली 26 अक्षरं कापतं, तेही केंद्रकाच्या बाहेर, आणि त्यातून मदतनीस वाढवायचा हुकूम सुटतो. एटीएफ6 ईआरच्या पुढच्या टप्प्यावर, गॉल्जीत, जाऊन कापलं जातं, त्याचा तुकडा केंद्रकात जातो, काम साधारण तेच. नाहीच सुधारली घडी तर साखळी बाहेर ओढून प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रोटीन मोडणाऱ्या यंत्रात, तुकडे. आणि ताण हटलाच नाही तर चॉप नावाचं प्रोटीन वाढतं आणि पेशी मरते.

पण माझा जीव पर्कवर आहे. ते ईआयएफ2 अल्फाला, म्हणजे प्रोटीन बनवायला सुरुवात करून देणाऱ्या घटकाला, एक फॉस्फेट लावतं, बस, आणि बहुतेक सगळं उत्पादन मंदावतं. हात थांबवायचं काम याचं. पर्कचं जनुक बिघडलेली बाळं जन्मतात, त्या आजाराचं नाव वोल्कॉट-रॅलिसन सिंड्रोम, कारण पर्क आहे हे 2000 साली कळलं. त्या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना थांबताच येत नाही, त्या बनवत राहतात आणि संपतात. उलट टोकही आहे. 2012 मध्ये प्रिऑनची, म्हणजे घडी चुकलेल्या आणि रोग पसरवणाऱ्या प्रोटीनाची, लागण झालेल्या उंदरांत दिसलं की तो फॉस्फेट हटतच नाही, मेंदूच्या पेशींना लागणारी प्रोटीनं बनणं बंद होतं, आणि फॉस्फेट काढणारं प्रोटीन वाढवलं तर त्या पेशी वाचतात. म्हणजे थांबायचं किती आणि परत सुरू कधी करायचं, औषधं शोधणारे सध्या याच प्रश्नावर बसलेत.

वेळ संपली म्हणतायत. मागच्या बाजूला एक हात मघापासून वर आहे, माइक आधी तिकडे द्या.