पीसीओएस आणि व्यायाम: वजनकाट्यापलीकडे

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा. अंडाशयाच्या कडेने काळे ठिपके.)

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोन्सचं संतुलन बिघडून होणारा त्रास. त्यात दिसणारे हे ठिपके म्हणजे स्त्रीबीजाच्या इवल्या पिशव्या, वाढता वाढता मध्येच थांबलेल्या. बीज बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. कुणाची दोन महिने, कुणाची सहा. हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमं हटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या १०० पैकी १० ते १३ जणींना पीसीओएस असतो.

दवाखान्यात सल्ला बहुतेक एकच मिळतो: ‘वजन कमी करा.’ मुलगी नेटाने चालायला लागते. दोन महिन्यांनी काटा तिथल्या तिथेच, आणि ती हिरमुसून सगळं सोडून देते. फार वाईट वाटतं, कारण तोवर आत बरंच काही सुधारलेलं असू शकतं.

(दृश्य: खुर्चीवरून सावकाश ऊठबस. मांडीचा स्नायू जवळून.)

या मांडीकडे बघा. पीसीओएसमध्ये पुष्कळ जणींचे स्नायू इन्शुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाहीत, अगदी सडपातळ मुलींचेसुद्धा. मग शरीर जास्त इन्शुलिन सोडतं, आणि त्याच्या जोरावर अंडाशय टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवतं. राठ केस, मुरुमं, लांबलेली पाळी यांमागे मुख्यतः तेच असतं. पण काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायाम संपल्यावरही हा फायदा टिकतो, मात्र दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून फक्त रविवारी घाम गाळून भागत नाही.

आंध्र प्रदेशात अनंतपूरला पीसीओएस असलेल्या १५ ते १८ वर्षांच्या मुलींवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. रोज तासभर एका गटाने योग केला, दुसऱ्याने नेहमीचा व्यायाम. वजनाच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. तरी योग करणाऱ्या मुलींचं टेस्टोस्टेरॉन जास्त उतरलं, पाळीही जास्त सुधारली.

पीसीओएसबद्दलची २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोमाचा व्यायाम सुचवतात. शिवाय दोन दिवस, मध्ये खंड ठेवून, ताकदीचा. अमुकच प्रकार हवा असं नाही. भरभर चालणं, पोहणं, नाच, जे आवडेल ते.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांभोवती लाल गोल.)

पाळीच्या तारखा अशा लिहून ठेवा, कमरेचं माप घ्या, जिना चढताना किती धाप लागते तेही बघा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि पाळी तीन महिन्यांवर गेली, तर व्यायाम चालू असला तरी डॉक्टरांना दाखवा. गर्भाशयाचं अस्तर फार काळ साचू देणं धोक्याचं असतं.