मॅनिफोल्डच्या खोऱ्यात बार्शी लाईट

(दृश्य : चुनखडीचा डोंगर, पायथ्याला वळण. वळणावरून एक छोटं इंजिन हळूहळू पुढे येतं. कॅमेरा अगदी जवळ.)

हे इंजिन तळहातावर मावतं. त्याच्या टाकीवर नाव आहे, पण ते वाचायला भिंग घ्यावं लागेल. ई. आर. कॅलथ्रॉप. मूळचं इंजिन लीड्सच्या किटसन कारखान्यात तयार झालं आणि १९०४ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात धावू लागलं. लाइन बंद पडली, इंजिन भंगारात गेलं. राहिलं ते हे, ७६ पटींनी लहान केलेलं.

ज्याचं नाव या इंजिनाला दिलं, त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं याच्या सात वर्षं आधी एक रेल्वे सुरू करून दाखवली होती. ती इंग्लंडमध्ये नव्हती. सोलापूर जिल्ह्यात होती, कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत.

(दृश्य : शाळेचा मोठा हॉल. लोक व्हॅनमधून लाकडी पेट्या उतरवताहेत.)

शुक्रवारची संध्याकाळ. इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका लहान गावातली शाळा. उद्या सकाळी इथे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन उघडेल आणि दोन दिवस चालेल. अशी प्रदर्शनं या देशात वर्षभर कुठे ना कुठे भरत असतात, कधी शाळेत, कधी चर्चच्या हॉलमध्ये. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० साली स्थापन झाला आणि आजही चालू आहे. म्हणजे ही परंपरा शंभरी ओलांडून गेलेली आहे, आणि ती जवळजवळ सगळी हौशी माणसांच्या खांद्यावर उभी आहे.

माझं माहेर बार्शीचं, नोकरी डर्बीला. मॅनिफोल्डचा हा देखावा ज्या क्लबचा आहे, त्याच्याशी माझी ओळख झाली ती या लाइनमुळेच. आता प्रदर्शन असलं की मी दोरीच्या आतल्या बाजूला असते.

पाहुण्यांना उद्या जे दिसेल ते आत्ता पाच तुकड्यांत आहे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक बोर्ड, साधारण १२० सेंटीमीटर लांब. खाली घडीचे पाय. दोन बोर्ड जोडताना पितळी खुंट्या भोकांत बसवायच्या, मग बोल्ट आवळायचे, मग तारांची जोडणी. हॉलची जमीन कधीच सपाट नसते, म्हणून पायांखालचे स्क्रू फिरवत पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणायचा. सगळा जीव असतो तो बोर्डांच्या सांध्यात. दोन बाजूंचे रूळ अर्धा मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाले तरी चाक उतरतं. खऱ्या रुळावर हाच फरक जवळजवळ चार सेंटीमीटरचा असता, आणि तिथेही गाडी पडलीच असती.

मग रूळ पुसणं. मोटरला १२ व्होल्टची वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. रुळावर धुळीचा किंवा तेलाचा पातळसा थर बसला की इंजिन अडखळतं. हॉलमध्ये शेकडो माणसं फिरणार, त्यांच्या कपड्यांचे तंतू उडणार. म्हणून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या फडक्यानं इंचन्‌इंच पुसायचं, आणि उद्या दर तासाला पुन्हा. हे काम सहसा नव्या माणसाकडे येतं. मला ते अजूनही आवडतं, कारण ते करताना सगळी लाइन बोटांखालून जाते.

(दृश्य : बोर्डावरचं खोरं. पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं कोरडं नदीपात्र, त्याच्या कडेनं रूळ.)

ही लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, सव्वाआठ मैल, म्हणजे १३ किलोमीटरांच्या थोडं वर. मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून जाणारी.

नदीत पाणी का नाही, असं प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी विचारतंच. खरी मॅनिफोल्ड कोरड्या उन्हाळ्यात चुनखडीच्या फटींतून जमिनीखाली उतरते, आणि मैलोन्‌मैल नुसतं गोट्यांचं पात्र उरतं. ज्यानं हा देखावा केला त्यानं जून महिना निवडला. पाण्याचा आभास निर्माण करणं हे मॉडेल करणाऱ्यांचं आवडतं कसब असतं. ते सोडून कोरडं पात्र करायला त्या खोऱ्याची खरी ओढ हवी.

१३ किलोमीटर ७६ पटींनी लहान केले तरी १७० मीटरच्या पुढे जातात. कुठल्याही हॉलमध्ये ते मावणार नाहीत. म्हणून निवड करावी लागते. इथे हल्म एंडचं स्टेशन आहे, थोडं खोरं आहे, आणि मधलं सगळं गाळलंय. गाळलेलं जाणवू नये म्हणून दोन ठिकाणी झाडी दाट आणि एका ठिकाणी कडा पुढे आलेला. गाडी त्यामागे जाते आणि पाहणारा मनानंच दोन-तीन मैल जोडून घेतो.

प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर. रूळ ९ मिलिमीटरचे. मूळ रेल्वे अडीच फुटी होती, तेव्हा हिशेबानं रूळ १० मिलिमीटरचे हवेत. एक मिलिमीटर कमी पडतो. पण ९ मिलिमीटरचे रूळ, चाकं, मोटरी बाजारात तयार मिळतात, कारण दुसऱ्या एका लहान प्रमाणाच्या गाड्या त्याच रुंदीवर धावतात. हौशी माणसं या तडजोडीवर तासन्‌तास वाद घालतात. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

(दृश्य : बार्शी लाईटची जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मग नकाशा : लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज.)

कॅलथ्रॉप १८८२ साली भारतात आला, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून. मुंबई–मद्रास मार्ग बार्शीला टाळून गेला होता. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण माल बैलगाड्यांनी स्टेशनपर्यंत न्यावा लागे. तिथे स्वस्तातली, हलकी रेल्वे हवी होती.

हलकी म्हणजे कशी, यावर त्यानं जे उत्तर काढलं ते माझ्या मते फार सुंदर आहे. इंजिन असो की वाघीण, चाकांच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. बहुतेक रेल्वेत इंजिनाचा आस सगळ्यांत जड असतो, आणि रूळ, पूल, सगळं त्या एका आसासाठी भक्कम करावं लागतं. बाकी गाडीला तेवढ्याची गरजच नसते. कॅलथ्रॉपनं इंजिनाचा भार जास्त आसांवर वाटला आणि वाघिणी त्याच मर्यादेपर्यंत भरता येतील अशा बांधल्या. मग दर यार्ड लांबीला, म्हणजे तीन फुटांना, ३० पौंड वजनाचा हलका रूळही पुरला. त्या रुळावर मालही भरपूर जाऊ लागला.

हे लोकांना पटवायचं कसं? १८९०च्या दशकात, बार्शीचे डबे आणि वाघिणी जहाजावर चढवण्याआधी, त्यानं लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळमार्ग घातला आणि त्या गाड्या तिथे चालवून दाखवल्या. देशोदेशीचे इंजिनीअर बघायला आले. बार्शी लाईटचं पहिलं दर्शन बार्शीच्या आधी इंग्लंडमध्येच झालं, आणि तेही प्रदर्शनात.

१८९७ साली बार्शी लाईट सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. लातूर ते मिरज सव्वातीनशे किलोमीटर. आषाढीला त्या डब्यांत मुंगी शिरायला जागा नसायची. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळी लाइन ब्रॉडगेज झाली.

बार्शीत जे जमलं, तेच घेऊन कॅलथ्रॉप मॅनिफोल्डच्या खोऱ्यात आला. म्हणूनच इथले डबे इंग्लिश वाटत नाहीत. दोन्ही टोकांना सज्जे, पिवळा रंग. आणि इंजिनाच्या पुढे भला मोठा दिवा, जो त्या शांत खोऱ्यात कुणालाच लागणार नव्हता. वारूळ फुटावं तशी गर्दी उसळते अशा स्टेशनांचा तो दिवा होता.

(दृश्य : शनिवार सकाळ. हॉलचे दरवाजे उघडतात. लेआउटच्या, म्हणजे मांडलेल्या देखाव्याच्या, मागची बाजू.)

पुढून खोरं दिसतं. मागून दिसतात ते तारांचे जुडगे, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, चहाचे मग आणि फिडल यार्ड. हे यार्ड पाहुण्यांपासून लपवलेलं असतं. गाडी बोगद्यात शिरली की ती इथे बाहेर येते. इथला माणूस इंजिन फिरवतो, वाघिणी बदलतो, पुढची गाडी तयार ठेवतो. एक जण गाडी चालवतो, एक जण यार्ड सांभाळतो. तिसरा दोरीपाशी उभा राहून लोकांशी बोलतो. हे तिसरं काम सगळ्यांत दमवणारं. आम्ही ठरावीक वेळानं जागा बदलतो.

गाडी चालवण्यात पहिला धडा वेगाचा. ताशी २५ किलोमीटरची गाडी या प्रमाणात सेकंदाला नऊ सेंटीमीटर जाते. तीन मीटरचं खोरं ओलांडायला तिला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. नव्या माणसाला हा वेळ असह्य होतो, हात आपोआप बटण पुढे फिरवतो. पण गाडी सावकाश चालली की माणसं थांबतात. लहान मुलं तिच्याबरोबर दोरीला धरून चालत जातात.

(दृश्य : नॅरोगेजच्या सपाट गाडीवर चढवलेली मोठी दुधाची टाकी. शेजारी पाच-सहा मुलं स्टुलावर उभी.)

दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्यांत जास्त गर्दी होते ती या दृश्याला. खाली अडीच फुटी रुळांची सपाट गाडी आणि तिच्यावर मोठ्या लाइनची अख्खी वाघीण, चाकांसकट. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत उतरवायला नको म्हणून काढलेली ही युक्ती. खोऱ्यात एक्टनला डेअरी होती, तिचं दूध अशाच टाक्यांतून लंडनकडे जायचं. डेअरी बंद झाली आणि मग लाइनचाही आधार गेला. १९३४च्या मार्चमध्ये शेवटची गाडी धावली. तीन वर्षांनी रूळ काढलेल्या वाटेवर पायवाट झाली. ती आजही आहे. लोक तिथे सायकली घेऊन जातात, आणि त्यातले कितीतरी जण या हॉलमध्ये येऊन म्हणतात, ‘अरे, इथे आम्ही डबा खातो!’

शेजारी एक मोठा मेन लाइनचा लेआउट आहे. तिथे दोन टोकांना दोन सिग्नल केबिनी आणि मधे खरी घंटा. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. तीन ठोके, जरा थांबून एक, म्हणजे साधी पॅसेंजर घेता का. चार म्हणजे एक्सप्रेस. घंटेवर बसलेले गृहस्थ निवृत्त सिग्नलमन आहेत. आयुष्यभर ज्या ठोक्यांनी गाड्या सोडल्या, त्याच ठोक्यांनी ते इथे सोडतात आणि प्रत्येक गाडीची नोंद वहीत करतात.

कोपऱ्यात मुलांसाठी शंटिंगचं, म्हणजे वाघिणी पुढेमागे करून गाडी लावण्याचं, कोडं मांडलंय, ॲलन राइट यांनी रचलेलं. तीन फाटे, एकावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोनांवर तीन-तीन. आठ वाघिणींपैकी पाच चिठ्ठ्या काढून ठरवायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. असे ६७२० क्रम होतात. एक मुलगी पाऊण तास जागची हलली नाही. तिची आजी खुर्ची आणून शेजारी बसली.

(दृश्य : रविवार दुपार. निवेदिका एका वयस्कर सदस्याशी बोलते आहे. हातात जुनं छायाचित्र.)

चहाच्या वेळी क्लबमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ सदस्यानं मला विचारलं, ‘कुर्डुवाडीच्या वर्कशॉपचे आराखडे कुठे मिळतील?’ मॅनिफोल्डची पाळंमुळं शोधत तो बार्शीपर्यंत पोचलाय. कुर्डुवाडी हे नाव तो अतिशय काळजीपूर्वक उच्चारतो. एकही आठवण नसलेल्या गावाबद्दल त्याला एवढी आस्था, आणि ज्या गाडीनं आपल्या चार पिढ्यांना पंढरपूरला नेलं तिच्याबद्दल आपल्याकडे काय जमवून ठेवलंय, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

मॅनिफोल्डची लाइन तीस वर्षं टिकली, तीही नाही पुरी. तिचा प्रत्येक डबा, प्रत्येक कुंपण, प्रत्येक शेड कुणीतरी मोजून ठेवलंय. बार्शी लाईट शंभर वर्षांहून जास्त धावली.

म्हणून आम्ही ठरवलंय. पुढचा लेआउट बार्शी टाउनचा. या वेळी रूळ १० मिलिमीटरचे, हातानं घातलेले, त्या एका मिलिमीटरची तडजोड न करता. पहिलं इंजिन किटसनचं, आठ चालत्या चाकांचं, ज्यात पाच टनांचा तो नियम उघड दिसतो.

त्यासाठी आम्हाला माहिती हवी आहे. फलाटावर कुटुंबाचा फोटो काढला असेल तर त्यात मागे आलेला डबा आमच्या कामाचा आहे. डब्याच्या खिडक्यांना फळ्या होत्या की गज? फलाटावरची फरशी कसली होती? पाण्याचा पंप कुठल्या बाजूला? नावाच्या पाटीवर मराठी अक्षरं कोणत्या रंगात? कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले लोक आपल्या घरात, शेजारात असतील. त्यांच्याशी बोला, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, मोजमापं विचारा. घरातल्या पेट्या उघडून तिकिटं, पास, पगाराची पत्रकं, काय सापडेल ते बघा.

(दृश्य : बोर्ड सुटे होताहेत. बोल्ट एका डब्यात, तारा गुंडाळलेल्या. एक रिकामा, नवा बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरलेला, त्यावर पेन्सिलनं आखलेल्या दोन समांतर रेषा.)

रविवारी पाचला दरवाजे बंद होतात आणि तासाभरात हॉल मोकळा करावा लागतो. उद्या सकाळी इथे शाळा भरायची आहे. हा नवा बोर्ड आम्ही मुद्दाम बरोबर आणला होता, लोकांना दाखवायला. त्यावर फक्त रुळाची आखणी झाली आहे. स्टेशनची इमारत नेमकी कुठे बसते, ते बार्शीचं कुणीतरी सांगेपर्यंत त्यावर खिळा ठोकायचा नाही, असं ठरलंय.